एकसष्टावा दिवस

मी वकिलाचा कारकून. नाव लोटन. अठ्ठावीस वर्षं एकाच वकिलाकडे काढली, त्यामुळे कायदा मला येत नाही, पण कायद्याच्या खोड्या बऱ्यापैकी ठाऊक आहेत. आमचं गाव जळगाव आणि धुळ्याच्या मधे, हायवेपासून जरा आत. तालुक्याचं कोर्ट आहे, साठ-सत्तर वकील आहेत. गावाचं नाव मात्र सांगत नाही. आमची वकील मंडळी भारी हळवी. लगेच नोटीस धाडतील, आणि ती टाइप मलाच करावी लागेल.

ज्यांच्याविषयी सांगतो ते अॅडव्होकेट हिलाल बोरसे. बठ्ठं म्हणजे सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. वय सदुसष्ट. त्यांचे वडील याच कोर्टात पट्टेवाले होते, पुकारा करायचे. आप्पा जळगावला जाऊन वकिली शिकून आले, तर इथले मोठे वकील त्यांना हाताखाली घेईनात. पट्टेवाल्याचं पोर आपल्या पंक्तीला कसं बसवायचं? तोंडावर कोणी बोललं नाही, पण 'सध्या जागा नाही' असं करत सगळ्यांनी मिळून त्यांचं एक वर्ष खाल्लं. शेवटी उत्तमचंदजींनी घेतलं. घराणं कापडवाल्या मारवाड्यांचं, बाकीचे भाऊ दुकानात, हे एकटे वकिलीत. त्यांनी स्वतःचा जुना काळा कोट उसवून आप्पांच्या मापाचा करून दिला. दुपारचं जेवण त्यांच्या बायकोच्या, झमकूबाईंच्या हातचं. हे सगळं आप्पा मला महिन्यातून एकदा तरी ऐकवायचे. हल्ली ऐकवत नाहीत. का, ते पुढे येतंच आहे.

माणूस तापट. पक्षकार खोटं बोलला की फाइल बांधून त्याच्या मांडीवर ठेवायचे, 'घे, दुसरा वकील बघ.' मग मी मागून जाऊन त्या पक्षकाराला चहा पाजून परत आणायचो. खरं सांगायचं तर हेच माझं मुख्य काम. पण आप्पा कामाला पक्के. फौजदारीचे तिन्ही कायदे बदलले, कलमांचे सगळे आकडे इकडचे तिकडे झाले, तेव्हा बाररूममधले निम्मे वकील कपाळाला हात लावून बसले होते. आप्पांनी दोनशे पानी वही आणली. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं. सासऱ्यांच्या दहाव्यालासुद्धा ती वही घेऊन गेले, घाटावर बसून पाठ करत होते. कॉम्प्युटरचं मात्र त्यांना जमलं नाही. पासवर्ड विसरायचे, ओटीपी आला की मोबाइल सापडायचा नाही. ते सगळं पुनमताई बघते. पुनमताई म्हणजे आमची ज्युनिअर, चार वर्षांपासून आहे. आप्पांना उलट बोलण्याची हिंमत असलेली सबंध कोर्टात ती एकटीच.

आता एक रिवाज सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बारचा कोणी सभासद वारला की त्या दिवशी आमच्याकडे वकील कामात भाग घेत नाहीत. सकाळी शोकसभा, दोन मिनिटं उभं राहायचं, ठराव, आणि सगळे बाहेर. न्यायाधीश बसलेले असतात, कोर्टाचं ऑफिस चालू असतं, फक्त वकील नसतात. असं करू नका म्हणून वरून कितीदा सांगून झालंय. ऐकतो कोण? आप्पा तर या बाबतीत फारच कडक. पाच वर्षांपूर्वी ते अध्यक्ष असताना अशाच एका दिवशी एका नव्या वकिलानं गुपचूप अर्ज टाकला. आप्पांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावली. तो बिचारा रडला. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं, पण कारकुनाला कोण विचारतं.

आता समाधानचं ऐका. समाधान चौतीस वर्षांचा, सावद्याहून केळीची पिकअप चालवायचा. घरी आई तानुबाई, दोन एकर शेती. चौतिशीत लग्न नाही म्हणजे आमच्याकडे जवळपास आटोपलंच समजा. नोकरी नसलेल्याला मुलगी देतो कोण? बारा ठिकाणी नकार घेऊन तेराव्या ठिकाणी जमलं. मुलगी किरण, भडगावजवळच्या एका खेड्यातली, भडगावात एका मेडिकल दुकानात कामाला. लग्न अठ्ठावीस एप्रिलचं धरलं. आणि फेब्रुवारीत समाधानच्या चुलतभावाचं बांधावरून भांडण झालं, समोरच्याचं डोकं फुटलं. फिर्याद देणाऱ्यानं घरातल्या सगळ्या बाप्यांची नावं टाकली. समाधान त्या वेळी सावद्याला गाडी भरत होता, पण नाव लागलं ते लागलं. चौदा फेब्रुवारीला कोर्टापुढे उभा केला आणि तिथून जेलात गेला. सेशन कोर्टात जामीन मागितला. तपास चालू आहे म्हणून तो नामंजूर झाला.

एकच रस्ता उरला होता. त्याच्यावर जे कलम होतं त्यात पोलिसांना दोषारोपपत्र द्यायला साठ दिवस असतात. तेवढ्यात दिलं नाही, तर एकसष्टाव्या दिवशी आरोपीनं अर्ज करायचा, आणि कोर्टाला जामीन द्यावाच लागतो. तिथं नाही म्हणायची सोयच नाही. अट एवढीच, आरोपीचा अर्ज आधी पडला पाहिजे. पोलिसांचे कागद तासभर जरी आधी आले तरी तो हक्क गेला. समाधानचा साठावा दिवस चौदा एप्रिलला भरत होता, सोमवारी. त्या दिवशी जयंतीची सुट्टी. म्हणजे मंगळवारी, पंधरा तारखेला, साडेदहाला खिडकी उघडली की पहिला कागद आमचा.

मार्चमध्ये किरण एकटी ऑफिसात आली होती. दुकानातला पांढरा कोट हातावर तसाच. तिच्या वडलांनी, छगन आबांनी, साफ सांगितलं होतं, मुलगा लग्नाच्या आत बाहेर आला तर ठीक, नाही तर त्याच मांडवात दुसरा उभा करतो. दुसरा तयारही होता, जमीन जास्त होती त्याची. किरण माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभी राहिली आणि बोटानं दिवस मोजत गेली.

'एकसष्टावा पंधरा तारखेला येतो ना भाऊ?'

'हो.'

'नक्की?'

आप्पा आतून ऐकत होते. ते उठून बाहेर आले. म्हणाले, 'पोरी, पंधराला अर्ज, सतराला तुझा माणूस घरी. हा माझा शब्द समज.' पुनमताईनं माझ्याकडे बघितलं. वकिलानं असा शब्द द्यायचा नसतो, पण आप्पांना त्या पोरीचं कौतुक वाटलं होतं. किरण हसली, आणि जाताना मला म्हणाली, 'भाऊ, तुमच्या टेबलावरची गोळ्यांची पाकिटं उन्हात ठेवू नका, खराब होतात.' बीपीच्या गोळ्या होत्या माझ्या.

शुक्रवारी, अकरा तारखेला, अर्ज तयार झाला. आप्पांनी सही केली, मी स्टँप लावला, पिशवीत घातला. शनिवार, रविवार, सोमवार सुट्टी. मंगळवारी पहाटे उत्तमचंदजी गेले. वय ब्याण्णव. सकाळी त्यांच्या मुलाचा, अखिलभाऊंचा, फोन आला तेव्हा आप्पा दात घासत होते. तोंडातला ब्रश तसाच घेऊन खाली बसले, असं त्यांच्या घरचे सांगतात.

दहाला बाररूममध्ये शोकसभा. बोलायला आप्पाच उभे राहिले. दोन वाक्यं नीट झाली, तिसऱ्याला आवाज गेला. मग कसाबसा ठराव वाचला, की आज कोणताही वकील न्यायालयाच्या कामात भाग घेणार नाही. साडेअकराला अंत्ययात्रा होती. सगळे पायऱ्या उतरायला लागले. पुनमताईनं आप्पांना जिन्यापाशी गाठलं. मी शेजारीच होतो.

'आप्पा, समाधानचा अर्ज.'

'उद्या.'

'उद्या नाही चालायचं. पोलिसांनी आज कागद टाकले तर?'

'आपल्याकडचे पोलिस वेळेवर कधी टाकतात का? सत्तर-सत्तर दिवस लागतात त्यांना. आज सुट्टीनंतरचा पहिला दिवस, अजून जागेसुद्धा झाले नसतील.'

'मी घरी जाऊन ऑनलाइन टाकते. दहा मिनिटांचं काम आहे. कोणाला कळणारही नाही.'

'मला कळेल ना,' आप्पा म्हणाले. 'ज्यांनी मला उभं केलं त्यांना अजून घरातून बाहेर काढलं नाही, आणि मी तिकडे अर्ज टाकू? त्या पोराला मी भर सभेत माफी मागायला लावली होती. आज माझ्याच गुरूच्या दिवशी मी चोरून टाकू?'

'मग चोरून नको, सांगून टाका.'

'पुनम, पुरे.'

डोळे लाल झाले होते त्यांचे. पुनमताई गप्प बसली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण मी काय केलं ते ऐका. अर्ज सही-शिक्क्यासकट माझ्या पिशवीत होता. खिडकीवर कागद देणं हे कारकुनाचंच काम, तिथं वकील लागत नाही. सगळे अंत्ययात्रेला गेले तेव्हा मी मागे राहिलो. खिडकीपर्यंत गेलो. आतला क्लार्क म्हणाला, 'काय लोटनभाऊ, आज तुमचं काम बंद ना?' मी म्हटलं, 'हो हो, पाणी प्यायला आलो होतो.' पाणी प्यायलो आणि स्मशानात गेलो. आप्पा रागावतील, ही एवढीच भीती. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा मी, आणि भीती कसली, तर कोणी रागावेल याची. अजूनही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पोलिसांनी त्याच दिवशी दुपारी सव्वाचारला दोषारोपपत्र टाकलं.

बुधवारी सकाळी आमचा अर्ज मॅडमपुढे गेला. आमच्या न्यायाधीश मॅडम तरुण आहेत, शांत बोलतात. त्यांनी तारीख बघितली, शिक्का बघितला, वेळ बघितली. म्हणाल्या, 'बोरसेसाहेब, काल मी सव्वाचारपर्यंत इथंच बसले होते. अर्ज आला असता तर मला तो मंजूर करावाच लागला असता.' आप्पा म्हणाले, 'होय मॅडम.' मॅडमनी विचारलं, 'आणखी काही म्हणणं आहे?' चाळीस वर्षं ज्या माणसाला बोलायला आवडलं तो म्हणाला, 'नाही.' अर्ज नामंजूर झाला.

बाहेर तानुबाई बसली होती. तिला वाटलं झालं काम. आप्पा तिच्यासमोरून खाली मान घालून गेले. मीच सांगितलं तिला, की अजून थोडे दिवस लागतील. का लागतील ते सांगितलं नाही.

पुढचे चार दिवस आप्पा जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. उत्तमचंदजींच्या घरी बसायला जायचे, तिथूनही लवकर उठून यायचे. रविवारी सकाळी माझ्या दारात हजर. म्हणाले, 'गाडी काढ. भडगावकडे जायचंय.' मी विचारलं, 'कशाला?' म्हणाले, 'छगन आबांना सांगतो की दोष माझा आहे, मुलाचा नाही. पंधरा-वीस दिवस मागून घेतो. आता दोषारोपपत्र आलंय, सेशन कोर्ट जामीन देईल.' मला बरं वाटलं. मी मोटारसायकल काढली, आप्पा मागे बसले. ऊन मी म्हणत होतं.

छगन आबांच्या दारी मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या. आबांनी खाट टाकली, चहा आणला. माणूस वाईट नव्हता. आप्पांनी हात जोडून सगळं सांगितलं. आबा म्हणाले, 'वकीलसाहेब, पत्रिका वाटून झाल्या. शब्द तुम्ही दिला होता, मी मागितला नव्हता. तरी पोरगी ऐकत नाही माझं. थांबते म्हणते. तिच्याशीच बोला.'

किरण बाहेर आली. चेहरा उतरलेला. आप्पांच्या समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, 'आप्पा, मला एकच सांगा. त्या दिवशी विसरलात का तुम्ही?'

आता बघा, पोरीनं उत्तर स्वतःच हातात दिलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. मी आप्पांच्या पायाला पायानं ढोसलं.

'नाही,' आप्पा म्हणाले. 'आठवण होती. अर्ज सही करून तयार होता.'

'मग?'

'आमचे गुरू वारले होते. त्या दिवशी आम्ही काम करत नाही.'

ती म्हणाली, 'आमच्या दुकानाच्या मालकांची आई गेली होती मागच्या वर्षी. शटर बंद होतं. तरी इन्सुलिन घ्यायला एक म्हातारा आला, तर मालकांनी अर्धं शटर वर करून दिलं त्याला. घरात प्रेत होतं, आप्पा.' आप्पांनी मान खाली घातली. 'तुम्ही विसरला असतात तर मी बाबांशी भांडले असते,' ती म्हणाली. 'माणूस आहे, विसरतो, अजून महिनाभर थांबू म्हटलं असतं. पण आठवण असून राहू दिलंत. म्हणजे माझ्या माणसाचं काम राहिलं तरी चालतं, असंच ना? बाबाही तेच म्हणतात. चुलतभाऊ भांडला तर हे जेलात, वकिलांचे गुरू गेले तर हे जेलात. उद्या मी त्या घरात जाईन तेव्हा आणखी कोणाचं काही तरी निघेल.'

आप्पा म्हणाले, 'पोरी, त्याचा यात काही दोष नाही.'

'मला माहीत आहे,' ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

येताना मी गाडी बाजूला घेऊन उभी केली आणि पहिल्यांदाच आप्पांना बोललो. म्हटलं, 'विसरलो म्हणायला काय जात होतं तुमच्या बापाचं?' आप्पा म्हणाले, 'खोटं बोलू तिच्याशी?' मी म्हटलं, 'मंगळवारी खरेपणा केलात, आज परत केलात. दोन्ही वेळा भरलं कोणी?' मला माझाच राग आला, कारण पिशवी तर माझ्याच खांद्याला होती.

अठ्ठावीसला किरणचं लग्न झालं, त्याच मांडवात, त्या जमीनवाल्याशी. समाधानला सेशन कोर्टातून आठ मेला जामीन मिळाला. आप्पांनी त्या अर्जावर इतकं सुंदर काम केलं होतं की सरकारी वकीलही म्हणाले, वा. पुनमताई म्हणाली, 'एवढं चांगलं काम मी तुमच्याकडून कधी बघितलं नव्हतं, आप्पा.' आप्पांना ते लागलं असावं. त्यांनी फाइल बांधली आणि पाणी मागितलं.

सुटल्यावर दोन दिवसांनी समाधान ऑफिसात आला, बरोबर तानुबाई. अंगावरचं मांस उतरलं होतं. आप्पा त्याला सगळं सांगायचं ठरवूनच बसले होते, सकाळपासून दोनदा माझ्याशी बोलले होते, सुरुवात कशी करावी म्हणून. पण आधी समाधानच बोलला.

'आप्पा, एक विचारू का? लग्न मोडलं त्याचं मी कोणाला बोलत नाही. जेलातल्या माणसासाठी कोण थांबतं? पण किरणचा भाऊ परवा भेटला. तो म्हणाला, ती शनिवारपर्यंत बापाला नाहीच म्हणत होती. दोन दिवस जेवली नव्हती. थांबते म्हणायची. रविवारी घरी कोणी तरी दोघं आले होते म्हणे. ते गेले आणि संध्याकाळी तिनं हो म्हटलं. भाऊ तेव्हा गावाला होता, त्याला माहीत नाही कोण ते. आप्पा, तुमच्या ओळखी आहेत तिकडे. जरा काढाल का, कोण आलं होतं? माझ्याविषयी काय सांगितलं असेल त्यांनी?'

मी आप्पांकडे बघितलं. देवाशपथ सांगतो, आयुष्यात मी कोणाच्या खोटेपणासाठी इतका नवस केला नसेल. चौकशी करतो म्हटलं असतं की संपलं असतं. त्या पोराला जन्मभर कळलं नसतं.

'मी गेलो होतो,' आप्पा म्हणाले. 'मी आणि लोटन.'

मग त्यांनी सगळं सांगितलं. एकसष्टावा दिवस, अर्ज, उत्तमचंदजी, किरणनं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, सगळं. एकही शब्द सोडला नाही. समाधान ऐकत राहिला. तानुबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता, तो सोडून ती हळू म्हणाली, 'आप्पा, तुमना गुरू मरी ग्या म्हनीसन तुम्हीन एक दिन बठी ऱ्हायनात. मना पोऱ्या ते जित्ता व्हता ना.'

समाधान उठला. आमच्याकडे निघताना वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात, त्या सवयीनं तो आप्पांच्या पायाशी वाकला. हात निम्म्यात थांबले. तसाच तो सरळ झाला आणि आईला घेऊन जिना उतरून गेला.